हलक्या कामास योग्य

मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा महाराष्ट्रात ४ फेब्रुवारी १९९५ पासून अमलात आला, त्यास तीस वर्षे झाल्यानिमित्त आमच्या शहरात जो समारंभ झाला, त्यात शल्यविशारदांचे सत्कार झाले आणि किती रुग्ण जगले याची टाळ्यांच्या गजरात मोजदादही झाली. परंतु जगलेल्यांनी पुढे पोट कशावर भरले, हा प्रश्न एकाही वक्त्याच्या मनास शिवला नाही. बोस्टनची १९५४ सालची शस्त्रक्रिया, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील १९६५ चा प्रयत्न, वेल्लोरचे १९७१ चे यश, हे सर्व त्यांनी यथासांग सांगितले असल्यामुळे मी ते वगळतो. मला बोलावयाचे आहे ते १९९६ नंतरच्या दशकाविषयी.

त्या वर्षी अक्काने, माझ्या थोरल्या बहिणीने, आपले एक मूत्रपिंड मला दिले. त्यापायी तिची खानावळ कित्येक महिने बंद राहिली आणि दुसरीकडे गेलेली गिऱ्हाइके पुन्हा फिरकली नाहीत. मी बिनपगारी रजा संपवून कचेरीत रुजू व्हावयास गेलो, तेव्हा माझ्या दाखल्यावर वैद्यकीय मंडळाचा शेरा होता : ‘हलक्या कामास योग्य’. हलके काम म्हणजे कोणते, हे मंडळाने लिहिले नव्हते, आस्थापना शाखेने विचारले नाही, आणि साहेबांनी स्वतःच्या अकलेप्रमाणे अर्थ लावून माझी रवानगी अभिलेखागारात केली. परक्या अवयवाचा शरीराने अव्हेर करू नये म्हणून ज्याची प्रतिकारशक्ती औषधांनी बुद्धिपुरस्सर क्षीण केलेली असते, त्या मनुष्यास जुन्या रुमालांतील धूळ, कसर आणि बुरशी यांच्या स्वाधीन करणे, ही त्या दप्तराची दयाबुद्धी! बढतीचा विषय निघाला की फिरतीचा अनुभव नाही म्हणून माझे नाव मागे राही, आणि फिरती मागावी तर तोच शेरा आडवा येई. माझ्या हाताखाली नोंदी शिकलेले एक गृहस्थ माझे वरिष्ठ झाले आणि ‘तुमचे बरे आहे, बसून पगार’ असे मला ऐकवू लागले.

त्या पगाराचे काय होई, ते औषधांच्या दुकानदारास ठाऊक होते. सायक्लोस्पोरिनने मूत्रपिंड तगण्याची शक्यता वाढविली खरी, पण त्या औषधाने हिरड्या सुजत, हात कापत, आणि महिन्याची मिळकत पहिल्या आठवड्यातच निम्मी होई. प्रेडनिसोलोनने चेहरा वाटोळा झाला, तर लोक म्हणत, तब्येत सुधारलेली दिसते! तरीही त्या काळाचे एक वैभव होते. बाह्यरुग्ण विभागाच्या बाकावर क्रिएटिनिनचे आकडे एकमेकांस सांगणारी, आणि कोणाचा पगार थकला तर गोळ्यांची पट्टी उसनी देणारी जी मंडळी भेटत, तशी आता भेटत नाहीत. प्रत्येकजण आपला अहवाल मोबाइलमध्ये पाहतो आणि निघून जातो.

पुढील वर्षांत योजना पुष्कळ आल्या. राजीव गांधी जीवनदायी योजनेने २०१२ मध्ये प्रत्यारोपणासाठी अडीच लाखांची तरतूद केली. इतर उपचारांच्या मानाने ही मर्यादा वाढविण्याचे कारण, एक वर्षाची औषधे लागतात, असे दिले होते. औषधे जन्मभर लागतात, हे ते कारण लिहिणाऱ्यास कोणी सांगितले नसावे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आले, त्यांत मूत्रपिंडाचा विकार नाही. म्हणजे सवलतीपुरते आम्ही धडधाकट आणि नेमणुकीपुरते रोगी. केंद्र सरकारी नोकर असलेल्या दात्यास २०२३ पासून बेचाळीस दिवसांची विशेष रजा मिळते. खानावळवालीस अर्थातच नाही.

त्या समारंभातच एका तरुणाची ओळख झाली. आईने मूत्रपिंड दिलेले, नोकरीच्या परीक्षेत गुणवत्ता यादीत आलेला, क्रिएटिनिन माझ्याहून उत्तम. वैद्यकीय तपासणीत ‘अपात्र’ ठरला. हलक्या कामाचीही सोय आता राहिलेली दिसत नाही. फेरतपासणीचा अर्ज त्याने दिला आहे, त्याची पोचही त्याच्याजवळ आहे, आणि प्रतीक्षायादीतील पुढचा उमेदवार तूर्त त्या पदावर रुजू झाला आहे.