बायोडेटातले वडिलांचे नाव

फरीदाबादच्या एनआयटी भागाचे पूर्ण नाव न्यू इंडस्ट्रियल टाउन. फाळणीनंतर वायव्य सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांची ही वसाहत; पुढे शहरात आणि शेजारच्या बल्लभगढमध्ये ट्रॅक्टर, टायर, जेसीबी आणि सुट्या भागांचे कारखाने उभे राहिले. इथे नोकरी शोधणारा आयटीआयचा मुलगा, मग तो पलवलचा असो की विदर्भातला, जो कागद घेऊन फिरतो त्याला आपण बायोडेटा म्हणतो. लग्न जुळवतानाही हाच शब्द, आणि मजकूरही बराचसा तोच: वडिलांचे नाव, धर्म, वैवाहिक स्थिती, मूळ गाव, छंद. कामाच्या वाट्याला दोन ओळी उरतात. माझ्या मते हे रकाने निरुपयोगी तर आहेतच, शिवाय ते उमेदवाराचे नुकसान करतात.

मूळचे अमरावती जिल्ह्यातले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात यांनी पॉल ॲटवेल यांच्यासोबत केलेला प्रयोग २००७ साली प्रसिद्ध झाला. खासगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना त्यांनी ४,८०८ अर्ज पाठवले. पात्रता सारखी, फरक फक्त नावांत. उच्चजातीय हिंदू नावाच्या तुलनेत बोलावणे येण्याच्या शक्यतेचे गुणोत्तर दलित नावाला ०.६७ आणि मुस्लीम नावाला ०.३३ पडले. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी दिल्ली परिसरातल्या मोठ्या कंपन्यांच्या मनुष्यबळ अधिकाऱ्यांशी बोलून दाखवले, की गुणवत्तेची भाषा बोलणारे हेच लोक 'घरची पार्श्वभूमी' आवर्जून विचारतात. ती आपण न विचारता पहिल्या पानावर का द्यावी?

दिल्ली परिसरातच झालेल्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या आणखी एका प्रयोगात कॉल सेंटरच्या नोकऱ्यांत जातीचा फरक दिसला, सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांत दिसला नाही. माझा अर्थ असा, की कौशल्य नेमके आणि तपासण्याजोगे असले की आडनावाचा आधार घेण्याची गरज कमी होते. म्हणून 'मशीनचा अनुभव' लिहून भागत नाही. मशीन सीएनसी लेथ की व्हीएमसी, कंट्रोल कोणता, सेटिंग स्वतः करता येते का, ड्रॉइंग वाचता येते का, मायक्रोमीटरने किती टॉलरन्सपर्यंतचे काम केले, कोणते भाग, किती महिने: हे सगळे पानाच्या वरच्या अर्ध्या भागात यायला हवे.

यावर कोणी म्हणेल, वडिलांचे नाव पीएफ आणि ईएसआयसाठी लागतेच. लागते, पण निवड झाल्यावर. मूळ गाव तर हरियाणात कायद्याचा विषय झाले होते: महिना ३०,००० रुपयांपर्यंतच्या खासगी नोकऱ्यांत स्थानिकांना ७५ टक्के आरक्षण देणारा कायदा जानेवारी २०२२ मध्ये लागू झाला. फरीदाबादच्या उद्योजकांची संघटनाही त्याविरुद्ध न्यायालयात गेली, आणि १७ नोव्हेंबर २०२३ रोजी उच्च न्यायालयाने तो रद्द केला. आता राहण्याचा पत्ता आणि फोन पुरे. लहान कारखान्यांत भरती ठेकेदाराच्या ओळखीने होते, कागद कोण वाचतो, हा आक्षेप मात्र खरा आहे. पण ज्याची ओळख नाही त्याच्याजवळ कागदच असतो, आणि ओळखीचा माणूसही हल्ली व्हॉट्सॲपवर तोच पुढे पाठवतो.

सर्वांत जड आक्षेप नावाचा. रकाने गाळले तरी नाव उरते, आणि ते लपवण्याचा सल्ला मी देणार नाही. भेदभाव करणाऱ्याची जबाबदारी अर्जदाराच्या माथी मारणे अन्याय्य आहे. पहिल्या चाळणीत नाव झाकून फक्त कामाच्या ओळी वाचणे कोणत्याही कारखान्याच्या कार्यालयाला आज जमण्यासारखे आहे. त्यासाठी त्या ओळी कागदावर असाव्या लागतील.