गोठलेल्या जिवाणूतली इलेक्ट्रॉनची चोरवाट

1966 साल, फिलाडेल्फिया. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात डॉन डीव्हॉल्ट आणि ब्रिटन चान्स हे दोघे प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या क्रोमॅटियम जिवाणूंवर लेझरचा क्षणिक झोत टाकत होते. झोत पडला की सायटोक्रोम या प्रथिनातून एक इलेक्ट्रॉन निसटतो. त्याला किती वेळ लागतो, हे त्यांना मोजायचं होतं.

थंडी वाढवली तसा वेग मंदावला. अपेक्षितच! पण उणे 170 अंश सेल्सिअसच्या आसपास तो घसरायचा थांबला. त्याहून कितीही गारठवा, इलेक्ट्रॉन त्याच वेगाने जातच राहिला.

उष्णतेच्या जोरावर ऊर्जेचा डोंगर चढणारा इलेक्ट्रॉन केव्हाच अडकला असता. हा मात्र डोंगराच्या आरपार गेला! पुंजभौतिकीतलं हे 'टनेलिंग' सजीवातल्या प्रथिनातही घडतं, याचा हा पहिला भक्कम पुरावा.

मग भौतिकशास्त्रज्ञ जॉन हॉपफिल्ड यांनी 1974 मध्ये त्याचं गणित मांडलं. रसायनशास्त्रज्ञ हॅरी ग्रे यांनी प्रथिनांना रुथेनियमचे अणू जोडून इलेक्ट्रॉनच्या उड्या मोजल्या. इलेक्ट्रॉन हस्तांतरणाच्या सिद्धांतासाठी रुडॉल्फ मार्कस यांना 1992 चं नोबेल मिळालं.