हाकेचा ठावठिकाणा

31 जुलै 1995 रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीस केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी मोबाइलवरून संभाषण केले, तेव्हा तारेतून मुक्त झालेल्या त्या उपकरणाचे झालेले कौतुक यथोचितच होते. परंतु तारेबरोबर पत्ताही सुटला, याची दखल त्या वेळी फारशी कोणी घेतली नाही. तारेचा दूरध्वनी घरातल्या एका कोपऱ्याशी जखडलेला असे आणि त्याचा पत्ता टेलिफोन खात्याच्या दप्तरी नोंदलेला असे. त्यामुळे बोलणाऱ्याची वाचा बसली तरी, तपासाची खटपट करून का होईना, त्याचे घर हुडकता येई. मोबाइलच्या बाबतीत दप्तरी उरला तो केवळ सिमकार्ड घेताना लिहून दिलेला पत्ता. पोटापाण्यासाठी बीडहून पुण्यास आलेला मजूर रात्री हिंजवडीत अपघातात सापडला, तरी कागदोपत्री तो बीडच्याच घरी असावयाचा!

अमेरिकेतील दळणवळण आयोगाने 1996 मध्येच, आपत्कालीन फोनबरोबर ठिकाणही कळविले पाहिजे, असा हुकूम मोबाइल कंपन्यांना केला. आपल्याकडे मात्र पुढील दोन दशके ठिकाण कळण्याची सारी भिस्त मोबाइलच्या मनोऱ्यावर आणि बोलणाऱ्याच्या स्मरणशक्तीवर राहिली. मनोऱ्यावरून कळणारे ठिकाण शहरात काही शे मीटरांच्या आणि खेड्यापाड्यांत कित्येक किलोमीटरांच्या परिघातले. त्यातून जिल्ह्याच्या सीमेवरील गावातून लावलेला पोलिसांचा 100 क्रमांक शेजारच्या जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षात जाऊन पडे, आणि मग हद्दीचा तो सनातन प्रश्न उपस्थित होई. ‘कुठून बोलता?’ — ‘घाटातून.’ — ‘कोणत्या घाटातून?’ — ‘उतार लागतो ना, तिथे, वळणावर, टेम्पो उलटलाय.’ ज्या देशात पत्ता म्हणजे मारुतीचे देऊळ आणि त्याच्यामागचा पिंपळ, तेथे परक्या रस्त्यावर भेदरलेल्या माणसाने याहून निराळे काय सांगावे?

डिसेंबर 2012 मधील दिल्लीच्या सामूहिक बलात्काराच्या अमानुष घटनेने सरकार जागे झाले. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने 2015 मध्ये पोलीस, अग्निशमन व रुग्णवाहिका या सर्वांसाठी 112 या एकाच क्रमांकाची शिफारस केली. 2016 च्या नियमांनी प्रत्येक नव्या मोबाइलमध्ये 1 जानेवारी 2017 पासून संकटकालीन बटण आणि 2018 च्या आरंभापासून उपग्रहाधारित स्थाननिश्चितीची सोय अनिवार्य केली. साध्या फोनवर 5 किंवा 9 ची कळ दाबून धरावी, ही त्यातली तरतूद मला विशेष शहाणपणाची वाटते, कारण ती महागडा फोन न परवडणाऱ्यांचा विचार करून केलेली होती. तिची पुरेशी जाहिरात झाली नाही, हे मात्र अक्षम्य. नोव्हेंबर 2018 मध्ये हिमाचल प्रदेशाने 112 च्या सेवेचा श्रीगणेशा केला. महाराष्ट्रात ती 2021 मध्ये सुरू झाली आणि नवी मुंबईतील महापे व नागपूर येथे तिची केंद्रे उभी राहिली.

एव्हाना हॉटेलातला डबा पोहोचविणारा पोऱ्या नकाशावरील ठिपक्याच्या आधारे दारापर्यंत येऊ लागला होता. जे ज्ञान व्यापाराला सहजसाध्य झाले, ते प्राणसंकटात सरकारी यंत्रणेच्या हाती लागावयास इतका विलंब का व्हावा? फोन लावताच उपकरणाने आपण होऊन उपग्रह, वायफाय व मनोरे यांच्या साह्याने स्वतःचे ठिकाण शोधावे व ते नियंत्रण कक्षास कळवावे, अशी व्यवस्था ब्रिटनमध्ये 2014 पासून आकारास आली. अँड्रॉइडने 2016 मध्ये व आयफोनने 2018 मध्ये ती स्वीकारली. आपल्या देशात उत्तर प्रदेशाने अँड्रॉइडची ही सेवा 2025 च्या अखेरीस प्रथम 112 शी जोडली. तथापि अठरा मजली इमारतीतला नेमका मजला तो ठिपका खात्रीने सांगत नाही, आणि दाट डोंगरकपारीत, जेथे रेंजच नसते, तेथे तो मुकाच राहतो.

तेव्हा वाचकांस विनंती एवढीच, की 112 ला फोन लावल्यावर काय घडले हे सांगण्यापूर्वी आपण कोठे आहोत ते सांगावे: गाव, रस्ता, किलोमीटरचा दगड, इमारत असेल तर मजला. फोन मध्येच तुटला तरी तेवढ्यावरून गाडी निघू शकते.