मोबाइल पुसायचा कसा?
जेवणाआधी आपण हात धुतो आणि लगेच त्याच हातांनी मोबाइल उचलतो. २०११ साली ब्रिटनमधल्या एका पाहणीत साधारण दर सहा फोनांपैकी एकावर विष्ठेतले जंतू सापडले होते. ते तिथे पोहोचतात नीट न धुतलेल्या हातांवाटे.

फोन पुसायला ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल चांगले. शुद्ध अल्कोहोल चटकन उडून जाते. पाणी मिसळले की ते जरा जास्त वेळ टिकते आणि जंतूंची प्रथिने मोडायला पाण्याचीही मदत होते. फोन बंद करून, मऊ कापड किंचित ओले करून पुसा. थेट फवारा मारू नका, चार्जिंगच्या खाचेत ओल शिरते. ब्लीच तर नकोच. काचेवरचा तेलरोधक थर त्याने खराब होतो. कव्हर काढून वेगळे पुसा. आणि कृपा करून फोन शौचालयात नेऊ नका.