ताप चढण्यापूर्वी शरीरात काय घडते?

पावसाळा लागला की पांढुर्णा-सौंसरकडे घरोघरी तापाची अंथरुणे पडतात. ताप, अंगदुखी, हुडहुडी ही सारी विषाणूचीच करणी, असे आपण समजतो. हा समज अर्धाच खरा आहे. त्या लक्षणांतील बराच भाग आपल्याच शरीराने मांडलेल्या बचावाचा असतो.

प्रत्येक पेशीत जनुके असतात. शरीराने कोणते द्रव्य केव्हा तयार करावे, याची ही आनुवंशिक सूत्रे होत. एरवी त्यांतील पुष्कळशी निद्रिस्त असतात. विषाणू शिरल्याची चाहूल लागताच काही तासांत इंटरफेरॉन या द्रव्याची जनुके जागी होतात. हे द्रव्य १९५७ मध्ये आयझॅक्स व लिंडेनमान यांनी लंडन येथे शोधले. ते शेजारच्या पेशींना सावध करते आणि मग त्यांतील शेकडो जनुके विषाणूची वाढ रोखू लागतात. पुढे हेच द्रव्य यकृतदाहाच्या रोग्यांना औषध म्हणून टोचले, तेव्हा त्यांना फ्ल्यूसारखाच ताप आला व अंग दुखू लागले!

२०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १७ निरोगी स्वयंसेवकांना मुद्दाम इन्फ्लुएन्झाचा विषाणू देण्यात आला. जे आजारी पडले, त्यांच्या रक्तात जनुकांच्या जागृतीची खूण लक्षणे शिगेस पोचण्याच्या सरासरी ३६ तास आधीच दिसली. ज्यांना लक्षणे झाली नाहीत, त्यांची शरीरेही स्वस्थ नव्हती. त्यांची जनुके निराळ्या रीतीने कामास लागली होती. तात्पर्य, आपल्याला ताप कळतो तेव्हा लढाई केव्हाच सुरू झालेली असते.

ही लढाई किती थोड्या वेळाची असू शकते, याचे उदाहरण आपल्या शेजारचेच आहे. १९६५ मध्ये नागपूरकडील चांदीपुरा येथील तापाच्या रोग्यांच्या रक्तात पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रास एक नवा विषाणू सापडला. त्यास गावाचेच नाव मिळाले. तो वाळूमाशीच्या चाव्याने पसरतो व मुख्यत्वे लहान मुलांच्या मेंदूवर आघात करतो. २००३ मध्ये तत्कालीन आंध्र प्रदेशातील साथीत ३२९ मुले आजारी पडली. त्यांपैकी १८३ दगावली. पुष्कळशी तर रुग्णालयात आणल्यापासून २४ तासांच्या आतच गेली.

म्हणून सभासद कुटुंबांना आमचे सांगणे एवढेच, की मुलाला तापाबरोबर झटके, वारंवार ओकारी किंवा गुंगी आली, तर 'सकाळी पाहू' म्हणून रात्र दवडू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे. मातीच्या भिंतींच्या भेगा लिंपाव्या, गोठा कोरडा व स्वच्छ ठेवावा आणि मुलांना बारीक जाळीच्या मच्छरदाणीत निजवावे. शरीर आपले काम वेळेवर सुरू करते. आपणही आपले काम वेळेवर करावे.