खळ्यावर लावा भुतांचा सिनेमा

चाकण, महाळुंगे, निघोजे या पट्ट्यात ज्यांच्या घरापुढे अजून खळे शिल्लक आहे, त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहितो आहे. जमिनी कारखान्यांत गेल्या, पोरे पाळीवर कामाला लागली. एका घरातली माणसे एका पंगतीला बसेनाशी झाली. सिनेमा ज्याच्या त्याच्या मोबाईलवर. तेव्हा घरच्या कामगाराची सुट्टी पाहून एक रात्र खळ्यावर पडदा बांधा.

मोटारीत बसून उघड्यावर सिनेमा पाहण्याचे पहिले मैदान अमेरिकेत कॅमडेन येथे १९३३ साली निघाले. मुंबईत २०२१ मध्ये एका इमारतीच्या गच्चीवर तसेच सुरू झाले. आपल्याला त्याचे नवल नको. जत्रेतल्या तंबूत आपणही पडद्यापुढे बसकण मारलीच होती. त्या फिरत्या टॉकीजवरच्या 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' या माहितीपटाची २०१६ साली फ्रान्समधल्या कान महोत्सवात खास दखल घेतली गेली.

मोटार नसली तरी ट्रॉली आहे. पुढे सतरंजीवर लहान मुले, मागे बैलगाडी, सर्वांत मागे ट्रॉल्या. चाकांना दगड लावा, ट्रॅक्टरची किल्ली काढून घरात ठेवा. मडगार्डवर कोणी बसू नये. कडब्याची गंजी लांब हवी, कारण वायरची ठिणगी आणि बिडी दोन्ही वाईट. तारेवर आकडा तर मुळीच नको. येण्याजाण्याच्या वाटेवर दिवा ठेवा. अंधारात खरी भीती सापाची.

चित्रपट जुना भुताचाच घ्या. 'महल' (१९४९), 'बीस साल बाद' (१९६२), 'वह कौन थी' (१९६४) हे घरात सर्वांना चालतील. यांत रक्त कमी आणि गाणी अवीट. 'महल'ला खेमचंद प्रकाश यांचे संगीत आहे आणि त्यातल्या गाण्याने लता मंगेशकरांचे नाव देशभर झाले. रामसे बंधूंचा 'पुराना मंदिर' (१९८४) मात्र प्रौढांसाठी आहे; तो पोरे झोपल्यावर घरात बघा.

एक गंमत करा. भुताचा प्रसंग आला की आवाज बंद करा. मघाशी आजीला बिलगलेली पोरे हसू लागतील. पडद्यावर नुसती पांढऱ्या साडीतली बाई चालत असते. भीती घालतो तो वाद्यांचा आवाज. हे पोरांना त्याच वेळी समजावून सांगा. कारण गावात अजून आजारी सुनेला 'बाहेरचे झाले' म्हणून देवऋषीकडे नेणारे आहेत, आणि २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा होऊनही दवाखान्याची वाट त्यांना उशिरा सापडते.

साऱ्या गावासाठी जाहीर खेळ ठेवायचा असेल, तर चित्रपटाच्या हक्कदाराची परवानगी घ्यावी लागते. कोणाकडून पेन ड्राइव्ह आणला म्हणजे ती मिळाली असे नाही. रात्री दहानंतर उघड्यावर कर्णा लावायला बंदी आहे. म्हणून दिवेलागणीला जेवणे उरका, अंधार पडताच सुरुवात करा. मध्यंतराला भाजलेल्या शेंगा आणि गूळ पुरे.