छत गळतंय? आधी ते ‘वाचायला’ शिका!

डाग दिसला की पुट्टी, पाणी टपकलं की डांबर. घरोघरी हेच चालतं. पण छताला नेमकं झालंय काय, हे बघायचं कुणी आणि कसं? ते शिकता येतं, आणि त्याची सुरुवात करायला एक टॉर्च, एक वही आणि आपले डोळे-कान पुरतात.

जूनचा दुसरा आठवडा. सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या काकूंनी फोटो टाकलेला असतो. हॉलच्या छताला नकाशासारखा पिवळट डाग, खाली बादली. लगेच एक काका लिहितात, ‘वॉटरप्रूफिंग करून टाकू.’ दुसरे म्हणतात, ‘माझ्या ओळखीत एक जण आहे.’ चार अंगठे वर जातात. पुढच्या महिन्यात वर्गणी निघते, गच्चीवर काहीतरी फासलं जातं. पुढच्या जूनमध्ये बादली परत तिथेच!

या सगळ्यात एक प्रश्न कुणी विचारलेलाच नसतो. पाणी येतंय कुठून?

डॉक्टर तपासल्याशिवाय गोळी देत नाहीत. छताच्या बाबतीत मात्र आपण थेट मेडिकलवाल्याकडे जातो. पैसे वाया जातात हा भाग वेगळा. पण त्या ओल्या स्लॅबखाली कुणाची तरी आजी झोपते, कुणाचं तरी लहान भावंड अभ्यासाला बसतं. प्लास्टरचा मोठा तुकडा झोपेत अंगावर पडला तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको. म्हणून छताची पाहणी हे इंजिनिअरिंगवाल्यांनीच नाही, तर आर्ट्स-कॉमर्सवाल्यांनीही थोडं तरी शिकावं असं काम आहे.

डाग इथे, भोक भलतीकडेच

पहिला धडा हाच. पाणी जिथून आत शिरतं तिथून ते खाली पडेलच असं नाही. मुंबई-पुण्याकडच्या बऱ्याच जुन्या इमारतींच्या गच्चीवर ‘ब्रिकबॅट कोबा’ असतो. म्हणजे स्लॅबवर विटांचे तुकडे सिमेंट-वाळूत बसवून दिलेला उतार. वरचा थर तडकला की पाणी त्या विटांत शिरतं. विटा ते स्पंजसारखं धरून ठेवतात. मग ते आडवं पसरत जातं आणि स्लॅबमधली पहिली वाट सापडली की खाली उतरतं. ही वाट बऱ्याचदा वायरिंगच्या पाइपाची असते. म्हणूनच पाणी हमखास पंख्याच्या हुकातून टपकतं! आता त्या हुकाच्या बरोब्बर वर गच्चीत डांबर ओतून काय होणार? मूळ भेग दहा फुटांवर, कठड्याच्या कोपऱ्यात असू शकते.

आणि हो, पंख्यातून पाणी येत असेल तर आधी मेन बोर्डावरून त्या खोलीची वीज बंद करायची. पाहणी नंतर.

‘कुठे’च्या आधी ‘कधी’

ओल कुठे आहे ते दिसतंच. ती कधी वाढते, हे घरातल्यांना विचारा. निम्मं निदान तिथेच होतं.

फक्त पावसाळ्यातच ओल येते? मग संशय गच्चीवर किंवा बाहेरच्या भिंतीवर. पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी टपकतंय? कोब्यात पाणी साठून राहिलेलं असू शकतं. वाऱ्याचा पाऊस आला तरच ओल, सरळ पावसात नाही? मग भिंतीची किंवा खिडकीवरच्या छज्जाची भेग बघा. बाराही महिने ओल? मग पावसाला दोष देऊ नका. वरच्या फ्लॅटचं बाथरूम, नहाणी ट्रॅप, भिंतीतले नळ तपासा. रोज ठरावीक वेळी टपकतं? पाणी यायची वेळ आणि ही वेळ जुळते का बघा. गच्चीवरची टाकी भरून वाहत असेल.

पाण्याच्या मार्गाची खात्री करायची एक सोपी युक्ती आहे. वरच्या बाथरूमच्या जाळीत रंगीत पाणी ओतायचं आणि खाली रंग उतरतो का ते पाहायचं. गच्चीसाठी पाणी बांधून ठेवण्याची चाचणी करतात. एका भागाला छोटा बांध घालून २४ ते ४८ तास पाणी साठवायचं. पण स्लॅब आधीच फुगलेला, तडकलेला असेल तर हा प्रयोग आपल्या मनाने करायचा नाही. पाण्याला वजन असतं!

गच्चीवर फेरी मारताना

नवशिका थेट भेगेकडे धावतो. तसं करू नका. आधी जिन्याच्या दारात उभं राहून पूर्ण गच्ची बघा. पावसानंतर पाणी कुठे साचतं? उतार पाण्याला निचऱ्याच्या तोंडाकडे नेतोय की उलटा? मग त्या तोंडांपाशी जा. पानं, प्लास्टिक, कबुतरांची पिसं अडकलेली दिसतील. कित्येक ‘गळत्या’ फक्त तुंबलेल्या पाइपामुळे असतात आणि झाडूने बऱ्या होतात.

त्यानंतर सांधे. गच्ची आणि कठडा जिथे मिळतात तिथे सिमेंटची गोलाई दिलेली असते. उन्हात स्लॅब प्रसरण पावतो, रात्री आकसतो आणि ही गोलाई सुटते. पाइप जिथून स्लॅबमधून जातात ती जागा, टाकीच्या पायांची जागा, सोलर हीटर किंवा डिश अँटेनाचे स्टँड ठोकलेली जागा. माणसाने जिथे जिथे भोक पाडलंय तिथे पाणी आत शिरायची शक्यता जास्त. कठड्याच्या फटीत पिंपळाचं रोप दिसलं तर नुसतं वरून तोडू नका. मूळ आतच राहतं आणि भेग रुंद करत जातं.

अजून एक गोष्ट बघायची, जी सहसा कुणी बघत नाही. गच्चीवर आधीचे किती थर आहेत? जुना कोबा न काढता त्यावर नवा कोबा घालायची आपल्याकडे सवय आहे. दहा सेंटिमीटर जाडीच्या कोब्याचं वजन दर चौरस मीटरला साधारण दीडशे ते दोनशे किलोच्या घरात जातं. आणि भारतीय मानकानुसार वापरातल्या गच्चीवर माणसांच्या वावरासाठी धरलेला भार चौरस मीटरला साधारण १५० किलो असतो. म्हणजे एक जादा थर घातला की गच्चीवर कायमची गर्दी उभी केल्यासारखंच झालं.

खालून बघा, आणि ऐका

आता स्लॅबची खालची बाजू. पांढरी पावडर दिसली तर तो लोणा. पाणी आतले क्षार घेऊन बाहेर येतंय आणि वाळतंय. तपकिरी डाग दिसले तर मात्र सावध व्हा. आतली सळई गंजतेय.

हे कसं होतं ते बारावीच्या केमिस्ट्रीत बसतं. ताजं काँक्रीट चांगलंच अल्कधर्मी असतं, पीएच १२-१३ च्या आसपास. त्या वातावरणात सळईला गंज लागत नाही. पण वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमध्ये मुरत जातो आणि पीएच ९ च्याही खाली येतो. सळईचं संरक्षण गेलं. त्यात गच्चीतून पाणी मिळालं की गंज सुरू. गंजाला मूळ लोखंडापेक्षा दोन ते सहा पट जागा लागते. ती जागा तो काँक्रीट फोडून मिळवतो. समुद्रकाठी तर खाऱ्या हवेतले क्लोराइड हे काम आणखी लवकर करतात. म्हणून ‘आयएस ४५६’ या मानकात सळईवर काँक्रीटचं आवरण साध्या हवामानात किमान २० मिलिमीटर, तर तीव्र परिस्थितीत ४५ मिलिमीटर सांगितलंय.

भेगांचेही प्रकार असतात. कोळ्याच्या जाळ्यासारख्या केसाएवढ्या भेगा बहुतेकदा फक्त प्लास्टरच्या असतात. पण ठरावीक अंतरावर, एकमेकींना समांतर, सरळ रेषेत भेगा दिसल्या आणि कडेला तपकिरी रंग असेल, तर त्या सळयांच्या रेषेत आहेत असं समजा. भेग वाढतेय का? तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा. महिन्याने परत बघा. जुने इंजिनिअर भेगेवर काचेची पातळ पट्टी आडवी चिकटवून ठेवायचे. काच तडकली की कळायचं, भेग अजून हलतेय.

मग कानाचं काम. हेल्मेट आणि गॉगल घालून, डोक्याच्या बरोब्बर वर नाही तर जरा बाजूला उभं राहून, लाकडी दांड्याने स्लॅबवर हलके ठोके द्या. घट्ट जागी कडक आवाज येतो, सुटलेल्या जागी पोकळ, भदभदीत. पोकळ भागाभोवती खडूने रेघ मारा. फुगलेल्या भागाला मात्र ठोकायचं नाही.

या सगळ्या खुणा आपण हौसेने लपवतो, ही खरी गंमत. छत खराब दिसतं म्हणून खाली पीओपीचं फॉल्स सीलिंग लावतो. डाग दिसेनासा होतो आणि गंज निवांत चालू राहतो. वरच्या मजल्यावर फॉल्स सीलिंग असेल तर निदान एक झडप ठेवायला सांगा. टॉर्च आत जाईल एवढी.

कौलं आणि पत्रे

सगळ्यांच्या डोक्यावर स्लॅब नसतो. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरूला कौलांचा कारखाना काढला आणि तिथली कौलं कोकणपट्टीभर पोहोचली. कौलारू घर तपासायला दिवसाउजेडी माळ्यावर जा, दिवा बंद करा आणि वर बघा. जिथून कवडसा येतोय तिथून पाऊसही येणार. मग वासे आणि रिपा बघा. टोकदार वस्तूने हलकं टोचून पाहा. लाकूड भुसभुशीत लागलं, खाली बारीक भुसा पडलेला दिसला तर वाळवी किंवा किड्याचं काम आहे. दुरून पाखं सरळ दिसतंय की मध्ये पोक आलंय? पोक असेल तर दुखणं कौलांचं नाही, खालच्या लाकडाचं आहे. पूर्वी दरवर्षी पावसाआधी घर शाकारायचे. ती एका अर्थी वार्षिक तपासणीच होती.

पत्र्याच्या छतात बघायचे ते हुक, बोल्ट आणि त्यांचे वायसर. वायसर वाळून तडकला की तिथून पाणी येतं. बोल्ट गंजला की वाऱ्यात पत्रा उचलला जातो, आणि सुरुवात बहुतेकदा कडेच्या, कोपऱ्यातल्या पत्र्यापासून होते, कारण वाऱ्याचा ओढा तिथे सगळ्यात जास्त असतो. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा अख्ख्या वाड्यांवरची कौलं आणि पत्रे उडाले होते.

सिमेंटच्या पत्र्यावर कधीही पाय देऊ नका. तो मजबूत दिसतो आणि क्षणात फुटतो. जुन्या पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं, त्यामुळे तो कापणं, घासणं, भोक पाडणंही नको.

हे शिकायचं कुठे?

सिव्हिलचा डिप्लोमा-डिग्री करणाऱ्यांना रस्ता सरळ आहे. सुट्टीत स्ट्रक्चरल ऑडिट करणाऱ्या इंजिनिअरकडे मदतनीस म्हणून जा. भेगांचा नकाशा काढणं, फोटो घेणं, नोंदी ठेवणं ही कामं तिथे खूप असतात. आयटीआयमध्ये गवंडीकाम, ड्राफ्ट्समन सिव्हिल हे ट्रेड आहेत. आणि कामही कमी होणार नाही. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षं जुन्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि ३० वर्षांपुढच्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा व्हायला हवं.

ऑडिटच्या वेळी मशिन्स बघायला मिळतील. रिबाउंड हॅमर काँक्रीटच्या पृष्ठभागाचा कडकपणा सांगतो. अल्ट्रासोनिक यंत्र आत पोकळी आहे का याचा अंदाज देतं. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीन टाकलं की गुलाबी होतं तो भाग निरोगी, रंग न येणारा भाग कार्बन डायऑक्साइडने खाल्लेला. टायट्रेशनमधलं तेच फिनॉल्फ्थॅलीन! पण मशीनही फसवतं. कार्बन डायऑक्साइड मुरलेला पृष्ठभाग उलट जास्त कडक होतो, त्यामुळे रिबाउंड हॅमर तिथे खऱ्यापेक्षा चांगला आकडा दाखवतो. नुसता आकडा लिहून घेणारा आणि छत वाचणारा यांच्यातला फरक इथे कळतो.

मर्यादाही लक्षात ठेवा. इमारत सुरक्षित आहे की नाही, हे लिहून द्यायचा अधिकार परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरचा. आपलं काम आहे वेळेत बघणं, नीट नोंदवणं आणि त्याला वेळेत बोलावणं. आणि वरच्या काकूंना एक गोष्ट जरूर सांगा. गच्चीतून पावसाचं पाणी झिरपून खराब झालेलं त्यांचं छत दुरुस्त करणं ही त्याच उपविधींनुसार सोसायटीची जबाबदारी आहे. त्या उपकार मागत नाहीयेत.

पहिल्या पाहणीला निघताना

* वर्षातून दोनदा बघा : मे महिन्यात आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर उघडीप मिळाली की.
* सोबत : टॉर्च, वही, टेप, खडू, पेन्सिल, हेल्मेट, घट्ट पकडीचे बूट आणि एक माणूस. एकट्याने चढायचं नाही. भर पावसात, वाऱ्यात तर नाहीच.
* गच्चीचा आणि प्रत्येक खोलीच्या छताचा साधा नकाशा काढा. खुणांना नंबर द्या.
* प्रत्येक खुणेचे दोन फोटो : एक लांबून, एक जवळून पट्टी ठेवून. तारीख लिहा.
* वही जपून ठेवा. पुढच्या वर्षी तुलना करायला तीच लागते.

हे दिसलं तर थांबू नका

छताला पोक येणं, सळया उघड्या पडणं, एका आठवड्यात भेग रुंदावणं, वरून बारीक खडी किंवा माती गळत राहणं, दार-खिडक्या अचानक अडकायला लागणं. यातलं काहीही दिसलं तर फोटो काढत बसू नका. खोली रिकामी करा, झोपायची जागा त्याच दिवशी हलवा, सोसायटीला लेखी कळवा आणि इंजिनिअरला बोलवा.